वहीत नसलेलं सोनं



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, ‘लग्नाआधीची मालमत्ता आणि घटस्फोट.’ पलीकडं थोडा वेळ कुणी बोलेना. मग हळूच सूचना आली, ‘ताई, जरा मंगल नाव देता येईल का?’ मी म्हटलं, तुमच्या नांदुऱ्याच्या हायवेवर १०५ फुटांचा हनुमान उभा आहे, ब्रह्मचर्याची बाजू तो समर्थपणे सांभाळतो आहे. मला संसारवाल्यांची बाजू घेऊ द्या. हसले, आणि विषय आहे तसा छापला. त्याबद्दल आभार.

ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघीजणी पुढं माझ्याकडं अशील म्हणून आल्या. दोघींची अक्षरं वळणदार, अर्जात एक शुद्धलेखनाची चूक नाही. बाईंचं शिकवणं वाया गेलं नव्हतं. मात्र लग्नात अंगावर काय घातलं होतं हे सांगणारा कागद दोघींपैकी एकीकडंही नव्हता.

आज बोलायचं आहे ते या कागदाबद्दल.

आमच्या पेशात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला वकील थोडा धीट होतो. त्या काळात एक बाई आली. बसली, पर्स उघडली आणि सोनाराच्या चार डब्या टेबलावर मांडल्या. मी एकेक उघडली. आत गुलाबी कागद, कापसाचा बोळा, बाकी काही नाही. एका डबीतल्या कागदावर पोतीच्या मण्यांचे बारीक ठसे उमटले होते, इतकी वर्षं ती तिथं घडी होऊन पडली होती. मी विचारलं, सोनं कुठं आहे? ‘माह्या मायनं देलं होतं, बाई. पण पेटी तं सासूजवळच हाय.’ पावत्या? ‘बाबाजोळ असतीन. आता बाबाच नाई.’

घटस्फोटाचा अर्ज नवऱ्यानं टाकला होता. दागिन्यांबद्दल समोरून लेखी उत्तर आलं: सोनं अंगावर घालूनच ती माहेरी गेली. तुमच्यापैकी कुणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलं असेल तर हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की टंकलेखकानं त्याचा छापाच करून ठेवला असावा असं वाटतं.

त्या प्रकरणात आम्हाला हात मिळाला तो अगदी अनपेक्षित जागेवरून. तिच्या मामेभावाच्या घरी माळ्यावर लग्नातली आहेराची वही निघाली. लाल कापडी बांधणीची, कोपरे उंदरानं कुरतडलेले. ‘मोठे मामा, पोत, १ तोळा. आत्या, कानातले, ४ ग्रॅम. शेजारचे अण्णा, ५१ रुपये. कापूस जिनवाले, स्टीलचा डबा.’ तारीख, वार, सगळं. पुढं तडजोडीची बैठक झाली. वहीतल्या तीन वस्तू परत आल्या, एकीचे पैसे आले. पण आईवडिलांनी स्वतः घातलेलं, म्हणजे पाटल्या, गोफ, हातातली अंगठी, यांतलं काहीच आलं नाही. ते वहीत नव्हतं.

का नव्हतं? कारण आहेराची वही ही उधारीची वही असते. आज अण्णांनी ५१ दिले, उद्या त्यांच्या घरी लग्न निघालं की आपण १०१ करायचे, म्हणून ती इतकी काटेकोर. जे फेडायचं ते लिहायचं. लेकीला दिलेलं फेडायचं नसतं, म्हणून लिहायचंही नसतं. चहाच्या सहा कपांची नोंद असलेल्या घरात सहा तोळ्यांची नोंद नसते, त्याचं कारण एवढंच आहे. यात कुणाचा डाव नसतो. आपलं माणूस, आपलं सोनं, लिहायचं काय?

हे आपलं सोनं नक्की कुणाचं, याचं उत्तर मात्र फार जुन्या काळापासून लिहिलेलं आहे. आपला वऱ्हाड मिताक्षरेचा मुलूख. विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवरची ती टीका चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, सोलापूरच्या पलीकडं. स्त्रीधन म्हणजे केवळ अग्नीसमोर मिळालेलं किंवा वरातीत मिळालेलं एवढंच नव्हे, तर बाईकडं न्याय्य मार्गानं आलेलं सगळं धन, असा मोकळा अर्थ त्यानं लावला. बंगालच्या जीमूतवाहनानं इतकी मोकळीक दिली नाही. याज्ञवल्क्यानं नवऱ्याला एक फट ठेवली होती: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, कैद अशा वेळी त्यानं बायकोचं धन वापरलं तर परत करण्याचं बंधन नाही. गंमत अशी की शेकडो वर्षांत ही फट बुजली नाही, रुंदच होत गेली. दुष्काळाच्या जागी बोअरवेल आली, धर्मकार्याच्या जागी दिराचं लग्न आलं, ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट आलं. पेरणीच्या तोंडावर सोनं गहाण पडतं आणि कापूस घरी आला की सोडवू म्हणतात. कापूस येतो, भाव येत नाही.

सोनं मोडून शेती जगवणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. कित्येक बायकांनी आपण होऊन बांगड्या काढून दिल्या आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. माझं म्हणणं असं की ज्या दिवशी दिल्या त्या दिवशी कुणीतरी कागदावर तारीख टाकावी. सोनाराकडं गहाण टाकलं तर तो चिठ्ठी देतोच. नवऱ्यानं का देऊ नये?

कायदा पुढं सरकत आला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४नं बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढं सरळ प्रश्न होता: नवरी सासरचा उंबरठा ओलांडते तेव्हा तिचं सोनं दोघांच्या सामाईक मालकीचं होतं का? त्याआधी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं जवळजवळ तसंच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ते मोडून काढलं. नवरा फार तर विश्वस्त, मालक ती. मागितल्यावर दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात. तेव्हा ते कलम ४०६ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१६ झालं आहे.

आणि २०२४च्या एप्रिलमधला निकाल तर माझ्या त्या डबीवाल्या बाईचाच वाटावा असा. केरळमधलं जोडपं. लग्नात तिथल्या मापानं ८९ पवन सोनं. लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्यानं ते ‘सांभाळायला’ म्हणून आपल्या आईकडं दिलं. पुढं ते कर्ज फेडण्यात गेलं. कुटुंब न्यायालयानं बाईच्या बाजूनं निकाल दिला, उच्च न्यायालयानं पुरावा पुरेसा नाही म्हणून तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दिवाणी प्रकरणात पुराव्याचं पारडं कुणीकडं झुकतं ते पाहायचं असतं, नवऱ्याच्या घरात पाऊल टाकलेल्या मुलीनं पहिल्याच रात्री पावती मागावी अशी अपेक्षा धरायची नसते. तिला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. लग्न २००३चं, निकाल २०२४चा. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मी पावतीच्या मागं लागते. कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो एकवीस वर्षांनी घरी येतो.

आता तुमच्या-माझ्या घरातली एक गोष्ट. सोयरीक जमली की बैठक बसते. कोऱ्या कागदावर वर श्री काढतात, हळदीकुंकवाची बोटं लावतात आणि याद लिहितात. मानपान किती, कपडे कुणी करायचे, मांडवखर्च कुणाचा, सोनं किती. खाली दोन्हीकडच्या चार-चार पुरुषांच्या सह्या. जिच्या अंगावर ते सोनं चढणार आहे ती आत चहाचे कप धुत असते. त्याच बैठकीत कधी ‘यादी पे शादी’ही उरकते. ही याद कोर्टात दाखवायची सोय नसते, कारण १९६१पासून हुंडा हा गुन्हा आहे आणि त्या कागदावर अर्धा हुंडाच लिहिलेला असतो. म्हणजे जो कागद आपण करतो तो चालत नाही आणि जो चालतो तो आपण करत नाही.

चालणारा कागद कुठला? हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्यानं. लग्नाच्या वेळी किंवा नंतर लवकरात लवकर. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं. खाली दोघांच्या सह्या. लिहिता-वाचता येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा. बस, एवढंच. चाळीस वर्षं झाली या नियमाला. माझ्या टेबलावर आजवर अशा दोन याद्या आल्या, आणि त्यातली एक एका वकिलाच्या मुलीची होती. हे ऐकून तुम्ही हसलात, मी त्या दिवशी खजील झाले होते. माझ्या स्वतःच्या लग्नाची यादी नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हे बोलताना ताराबाई शिंदे यांना वगळून पुढं जाता येत नाही. बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आली. लेखणी अशी की आजही सभेत वाचायला धीर लागतो. ताराबाईंचा नवरा घरजावई होता. वडिलांच्या घरात राहूनच त्यांनी हे लिहिलं, आणि मला वाटतं त्या वाक्यांना जी पाठीची ताकद आहे त्यात थोडा वाटा या डोक्यावरच्या छपराचाही असावा. हा माझा तर्क, इतिहासकारांनी रागावू नये.

ताराबाईंचं पुस्तक आलं आणि दोन वर्षांनी मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला. तो आपण बालविवाहाचा, संमतीचा खटला म्हणून शिकतो. बरोबरच आहे. पण त्या खटल्याच्या पोटात लग्नाआधीची मालमत्ता आहे, ते मात्र आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही.

रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असताना वारले. आई जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. पण १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात, ज्याचे आपण गोडवे गातो त्या कायद्यात, दुसरं कलम असं होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क संपतो, जणू ती मेलीच. जयंतीबाईंनी काय केलं? डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावावर केली. आठ वर्षांची रखमा मालकीण झाली. मी वकील म्हणून सांगते, त्या काळात इतकी नेमकी चाल एखाद्या सॉलिसिटरला सुचली असती तर त्यानं भरघोस फी घेतली असती.

अकराव्या वर्षी रखमाचं दादाजी भिकाजींशी लग्न झालं, ती नांदायला गेली नाही, आणि १८८४ साली दादाजी कोर्टात गेले. १८८५ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो उलटला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावलं, नवऱ्याकडं जा, नाही तर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. टिळकांपासून विलायतेतल्या वृत्तपत्रांपर्यंत सगळे या वादात उतरले. दोन्ही बाजूंनी आपापली कैफियत छापली आणि त्या छापील भांडणात मालमत्तेचा विषय पुन्हा पुन्हा वर येतो: पोरगी गेली तर तिच्यासोबत घरभाड्याचं उत्पन्नही जाणार, याची कुणाला किती धास्ती. शेवट १८८८ साली झाला. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावण्याचा हट्ट सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. परतून सुरतेला, मग राजकोटला डॉक्टर म्हणून आयुष्यभर काम केलं. १९५५ साली वारल्या.

स्वतःच्या नावावर काही असलेली मुलगी ‘नाही’ म्हणू शकते. रखमाबाईंचं धैर्य तिचं स्वतःचं होतं, ते कुणी कागदावर करून दिलेलं नव्हतं. तरीही आईनं केलेल्या त्या एका कागदाचा विसर पडू देऊ नये.

आता पुरुष मंडळी अस्वस्थ झालेली दिसतात. त्यांच्यासाठी. बाजारात एक समज आहे की घटस्फोट झाला की बायको अर्धी इस्टेट घेऊन जाते. हा समज सिनेमातून आणि परदेशी बातम्यांतून आला. आपल्या कायद्यात ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. लग्नाआधी घेतलेला प्लॉट, वडिलोपार्जित वावर, आईचा दागिना, घटस्फोटानं यांची वाटणी होत नाही. वाटणीची तरतूद आणणारं विधेयक २०१३ साली राज्यसभेनं मंजूर केलं होतं, लोकसभेत ते तसंच पडून राहिलं आणि निवडणुकीबरोबर गेलं. पोटगी ही वेगळी बाब. ती ठरवताना कोर्ट नवऱ्याची सगळी ऐपत पाहतं, प्लॉटही पाहतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्ज शपथेवर सांगायचं असा देशभरासाठी नियम घालून दिला. तेव्हापासून लपवाछपवी थोडी अवघड झाली आहे. थोडी.

गोंधळ होतो तो प्लॉट लग्नाआधीचा आणि त्यावरचं घर नंतरचं असतं तेव्हा. नाव त्याचं, हप्ते दोघांच्या पगारातून, टाइल्स तिच्या बापानं आणलेल्या. रोख दिलेलं सगळं हवेत जातं. बँकेतून दिलेलं राहतं. एवढं लक्षात ठेवलं तरी माझं निम्मं काम कमी होईल, आणि मला चालेल.

आपल्या शेजारी गोव्यात बघा. तिथं १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी नोटरीपुढं वेगळा करार केला नाही, तर दोघांचं आधीचं आणि नंतरचं सगळं सामाईक, निम्मं-निम्मं. म्हणून तिथं लग्नाआधी मालमत्तेबद्दल बोलणं अशुभ मानत नाहीत, ते दप्तरी काम आहे. आपल्याकडं तसा करार केला तर? विवाहपूर्व करारांकडं आपली न्यायालयं १८७२च्या करार कायद्याच्या कलम २३च्या चष्म्यातून पाहत आली आहेत. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढं एक करार आला होता: जावई कायम सासूच्या घरी राहील आणि तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही. न्यायालयानं तो फेटाळला. घरजावयांना दिलासा मिळाला. गंमत सोडा, पण त्यामुळं करारावर विसंबून राहू नका. यादीचं तसं नाही, यादी कायद्यानंच मागितलेली आहे. मुस्लिम भगिनींसाठी १९८६च्या कायद्याचं कलम ३ स्पष्ट आहे: लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर तिला नातेवाइकांनी, मित्रांनी, नवऱ्यानं दिलेलं सगळं घटस्फोटानंतर तिचं. तिथंही प्रश्न तोच येतो, काय दिलं होतं?

एक गोष्ट बापांसाठी. ‘आम्ही दिलं, आम्ही परत मागतो’ म्हणत पुष्कळ वडील माझ्याकडं येतात. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की स्त्रीधन परत मागण्याचा हक्क लेकीचा. ती हयात आणि सज्ञान असताना, तिनं अधिकार दिल्याशिवाय, वडिलांना नाही. दिलं म्हणजे दिलं, बाबा.

आणि आता ज्यावर बोललं की माहेरच्यांच्या भुवया चढतात ते. लेकीची लग्नाआधीची सगळ्यात मोठी मालमत्ता सोनं नसते. वावर असतं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४लाच मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानं हिस्सेदार, केलं होतं, त्यात त्याआधी लग्न झालेल्या सुटल्या. ९ सप्टेंबर २००५पासून तेच देशभर झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२०च्या निकालानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलगी पाळण्यात असतानाच हिस्सेदार. आणि मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो, निबंधकाच्या कार्यालयात नेतो, हक्कसोडपत्रावर सही होते, येताना रसवंतीवर उसाचा रस पितात. दिवाळीला साडी, आखाजीला बोलावणं. माहेर तुटू नये म्हणून तिनं सही केली, आणि मी त्या भावनेची चेष्टा करणार नाही. पण सासर सुटलेली बाई त्याच माहेरी परत येते तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं आणि वहिनीच्या घरात तिची पेटी ठेवायला जागा नसते. सासरी सोनं वहीत नव्हतं, माहेरी ती स्वतः उताऱ्यात नाही. सही करायची तर करा. वाचून करा, आणि घरी येऊन एक रात्र झोपून दुसऱ्या दिवशी करा.

शेवटी थोडं रोकडं. सोनं घेताना बिल मुलीच्या नावानं करा, बापाच्या नावानं नको. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. तो क्रमांक यादीत लिहा, मग ‘पोत, १ तोळा’ ही कुठली पोत यावर वाद उरत नाही. खामगावच्या चांदीच्या तोरड्या असतील तर वजन लिहा आणि फोटो काढा. लग्नाचा अल्बम पुरावा म्हणून चालतो, पण फोटोग्राफर हल्ली नवरीच्या चेहऱ्यावर इतका प्रकाश टाकतो की गळ्यातलं सोनं आहे की नुसती चकाकी हे न्यायाधीशांना ठरवता येत नाही. लॉकर असेल तर तिच्या नावावर. आणि दिवस वाईट आलेच तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज करता येतो. लॉकर उघडू नका, सोनं विकू नका असा मनाई हुकूम कलम १८खाली मिळतो, स्त्रीधन परत करा असा आदेश कलम १९खाली. त्यासाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

कुणी विचारेल, लग्नाच्याच दिवशी वाईटाचा विचार कशाला? अहो, विमा काढतो तेव्हा आपण मरणाचा विचार करतो का? मंगलाष्टकांच्या आधी आपण हॉलची अनामत भरतो, केटररशी करार करतो, बँडवाल्याला इसार देतो आणि पावती घेतो. बँडवाल्यावर आपला विश्वास नाही म्हणून नव्हे.

दिवाळी झाली की तुळशीचं लग्न लागेल आणि मुहूर्त सुरू होतील. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी यंदा कार्य आहे. आहेरासाठी वही आणालच. पहिली दोन पानं कोरी सोडा, वर नवरीचं नाव घाला, खाली दोघांच्या सह्यांना जागा ठेवा, आणि आहेर तिसऱ्या पानापासून लिहायला घ्या.